डीएमआर रेडिओ ईपीएबीएक्सच्या ई१ला जोडलाय, पण मधेच टिक येते, डायल होत नाही आणि शेवटचा शब्द परत ऐकू येतो

जेट्टीवाला

नमस्कार मंडळी, गुहागर तालुक्यात किनाऱ्यावर एक खाजगी जेट्टी आणि तिच्या मागचा कारखाना, दोन्हीकडचं वायरलेस मी बघतो. सेटअप असा आहे. खाली जेट्टीवर एक यूएचएफ डीएमआर (डिजिटल वॉकीटॉकी) रिपीटर, म्हणजे हँडसेटचं बोलणं घेऊन पुढे पाठवणारा सेट, वर सड्यावर टॉवरखाली दुसरा, दोघांमध्ये आयपी रेडिओ लिंक. ऑफिसात ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) आहे त्याला टेलिफोन कंपनीची पीआरआय (तीस चॅनेलची डिजिटल) लाईन आहे आणि त्यातच तसलीच डिजिटल लाईन जोडायचं एक जादा ई१ कार्ड रिकामं पडलं होतं. साहेबांना हवं होतं की जेट्टीवरचा माणूस हँडसेटवरून ऑफिसच्या एक्स्टेन्शनला लावू शकेल आणि ऑफिसातून टग किंवा क्रेनवाल्याला फोनवरून बोलता येईल. म्हणून एक गेटवे घेतला, एका बाजूला आयपीवरून रिपीटर आणि दुसऱ्या बाजूला ई१. सप्लायरचा माणूस आला, कॉन्फिगर केलं, कॉल लागून दाखवला, जेवला आणि गेला. आता फोन उचलत नाही.

तर तीन दुखणी आहेत.

एक, ऑफिसच्या फोनवर मधेच बारीक टिक येते. बोलताना सहसा कळत नाही पण होल्ड म्युझिक चालू असलं की हमखास. हँडसेटवर ऐकणाऱ्याला मात्र ती येत नाही हे मला विचित्र वाटतं.

दोन, हँडसेटच्या कीपॅडवरून एक्स्टेन्शन नंबर दाबला की ईपीएबीएक्सचा ऑटो अटेंडंट (आपोआप कॉल जोडणारा) कधी घेतो कधी नाही, एखादा आकडा दोनदा पण घेतो.

तीन, जेट्टीवाला बोलून पीटीटी (बोलण्याचं बटण) सोडतो आणि लगेच त्याच्या हँडसेटवर त्याचाच शेवटचा अर्धा शब्द परत येतो. हे काही एक्स्टेन्शनला होतं, सगळ्यांना नाही.

गेटवेच्या स्टेटस पानावर स्लिप म्हणून एक आकडा आहे तो वाढत असतो, साधारण दोन मिनिटांनी एक. बाकी अलार्म नाही, लिंक हिरवी आहे. मुळात रेडिओचे दोन स्लॉट आणि ई१चे तीस चॅनेल हे आत एकमेकांना कसे जोडले जातात तेच डोक्यात बसत नाहीये, कोणी नीट सांगेल का?

पीसीएम_तीस

स्लिप वाढतोय हे लिहिलंस ते बरं केलंस, पहिल्या दुखण्याचं उत्तर त्यातच आहे. पण आधी मुळातलं सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

ई१ म्हणजे २.०४८ मेगाबिटचा प्रवाह, त्यात ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकी ६४ किलोबिट. स्लॉट शून्य फ्रेमिंगला जातो, पीआरआय असेल तर सोळावा सिग्नलिंगला, राहिले तीस बोलायला. एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदाची आणि तेवढ्यात प्रत्येक कॉलचा एकच सॅम्पल म्हणजे ८ बिट जातो. सेकंदाला आठ हजार वेळा, रात्रंदिवस, कोणी बोलत असो वा नसो.

डीएमआरचं उलट आहे. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर ९६०० बिट प्रति सेकंद, त्याचे दोन स्लॉट, प्रत्येक ३० मिलिसेकंदाचा, म्हणजे तुझी पाळी ६० मिलिसेकंदांनी येते. त्या पाळीत ६० मिलिसेकंदांचं सगळं बोलणं एका झटक्यात पाठवायचं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारखं समज, गाड्या धक्क्यावर जमतात आणि बोट आली की सगळ्या एकदम पलीकडे. ई१ला बोट माहीतच नाही, त्याच्या गाड्या एकेक करून अखंड येत राहतात.

आता आकडे बघ. ६० मिलिसेकंदात ई१वरून एका कॉलचे ४८० सॅम्पल येतात, म्हणजे ३८४० बिट. डीएमआरच्या बर्स्टमध्ये बोलण्यासाठी जागा फक्त २१६ बिट, आणि त्यातसुद्धा एरर करेक्शन आलं. त्यामुळे बिट उचलून इकडून तिकडे ठेवणं शक्यच नाही. गेटवेला मधे व्होकोडर (बोलणं दाबून छोटं करणारा) लागतो, तो २०-२० मिलिसेकंदांचे तीन तुकडे घेतो, प्रत्येकाचे ७२ बिट करतो आणि तिन्ही मिळून एक बर्स्ट भरतो. उलट दिशेला बर्स्ट आला की तो सोडवून परत ४८० सॅम्पल बनवतो आणि बफरमध्ये टाकून ई१ला एकेक देत राहतो. म्हणजे गेटवेत तीन कामं चालतात, साठवणं, कोडेक बदलणं आणि सिग्नलिंगचं भाषांतर. तीस चॅनेल आणि दोन स्लॉट यांचं फिक्स जोडकाम वगैरे काही नसतं, कॉल आला की मोकळा स्लॉट मोकळ्या चॅनेलला लावला जातो इतकंच.

आता टिक. गेटवे स्वतःच्या क्रिस्टलवर चालतोय आणि ईपीएबीएक्स त्याच्या. दोघांच्या घड्याळात दहा लाखात एक एवढा जरी फरक असला तरी १२५ सेकंदात बरोबर एका फ्रेमचा फरक पडतो, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद. मग घेणारा एक फ्रेम टाकून देतो किंवा तीच परत वाजवतो, त्याला स्लिप म्हणतात. तुझे दोन मिनिटांना एक म्हणजे जवळजवळ तेवढाच फरक. गेटवेच्या ई१ सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नल असणार, तो लाईन कर. आणि ईपीएबीएक्सचा प्रायमरी सिंक कंपनीच्या पीआरआयवरून घेतोय ना ते बघ, चुकून तुझ्या गेटवेवरून घेत असेल तर उलटं होऊन बसेल. क्लॉक वरून खाली एकाच दिशेने यायला हवा, कंपनीकडून ईपीएबीएक्सला, ईपीएबीएक्सकडून गेटवेला.

हँडसेटवर टिक येत नाही कारण त्या दिशेला मधे व्होकोडर आहे. एक सॅम्पल कमीजास्त झालेला तो बोलण्याच्या मॉडेलमध्ये गिळून टाकतो. फोनच्या दिशेला स्लिप व्होकोडरच्या नंतर होतो म्हणून तो कानापर्यंत पोचतो.

आयपीवाला_रत्नागिरी

अरे पण आजच्या काळात ई१ कशाला? ईपीएबीएक्सला एसआयपी (आयपी नेटवर्कवरून कॉल नेणारी) ट्रंक घे, गेटवेला एसआयपी चालू कर, स्लिप हा विषयच संपला. मी तर नवीन साईटला ई१चं नावच घेत नाही.

पीसीएम_तीस

विषय संपत नाही, दिसायचा थांबतो. एसआयपीमध्येसुद्धा पाठवणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं घड्याळ वेगळंच असतं, फरक जिटर बफरमध्ये (मागेपुढे आलेली पॅकेट सावरणारा साठा) साठत जातो आणि बफर मधेच एखादं पॅकेट टाकतो किंवा शांतता भरतो. काउंटर नाही म्हणून कोणी विचारत नाही. नवीन लावायचं असेल तर मीही एसआयपीच सुचवेन कारण कार्डाचे पैसे वाचतात, पण याच्याकडे कार्ड आहे, लाईन आहे, आणि काम एका सेटिंगचं आहे.

एक गंमत सांगतो. रेडिओच्या बाजूलाही घड्याळ वेगळंच आहे, रिपीटर काही ईपीएबीएक्सला विचारून चालत नाही. तिथे का त्रास होत नाही? दहा लाखात एक या हिशेबाने ६० मिलिसेकंदांचा फरक पडायला ६०,००० सेकंद लागतात, सोळा-सतरा तास. पीटीटी दाबून इतका वेळ कोण बोलतो? प्रत्येक वेळी पीटीटी दाबला की बफर नव्याने भरतो, जुना फरक पुसला जातो. जीएसएममध्ये (टूजी मोबाईल) ही चैन नव्हती, कॉल दोन्ही बाजूंनी सतत चालू आणि वर हँडओव्हर. म्हणून तिथे बेस स्टेशनची फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या (दहा लाखात ०.०५) आत लागायची आणि ती बहुतेक वेळा त्याच ई१च्या क्लॉकवरून घेतलेली असायची. १२० मिलिसेकंदांच्या जीएसएम मल्टिफ्रेममध्ये ई१च्या बरोबर ९६० फ्रेम बसतात. टेट्रा या दुसऱ्या डिजिटल वायरलेसमध्ये तर अजून मजा, त्याची एक फ्रेम ५६.६७ मिलिसेकंदांची, ई१च्या फ्रेमात पूर्ण भागच जात नाही, पण अठरा फ्रेमांची मल्टिफ्रेम १.०२ सेकंदांची होते आणि तिथे ८१६० फ्रेम चोख बसतात. अठरातली एक फ्रेम कंट्रोलला ठेवून उरलेल्या सतरात पूर्ण १.०२ सेकंदांचं बोलणं भरतात.

जेट्टीवाला

दादा क्लॉक लाईनवर केला, ईपीएबीएक्समध्ये सिंक प्रायॉरिटी बघितली तर गेटवेवालं कार्ड एक नंबरला आणि कंपनीची लाईन दोन नंबरला होती, ते उलटं केलं. सकाळपासून स्लिपचा आकडा जागचा हललेला नाही. होल्ड म्युझिक लावून ऐकत बसलो, स्वच्छ आहे.

आता डायलिंग आणि तो परत येणारा शब्द राहिला.

जुना_एक्स्चेंजवाला

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय, तुमचं डीएमआर मी हाताळलेलं नाही पण रेडिओ आणि एक्स्चेंज यांचं लग्न बरंच लावलंय, म्हणून लिहितो.

डायलिंगचं. डीटीएमएफ, म्हणजे फोनचं बटण दाबल्यावरचा आवाज, हे दोन सूर एकत्र, खालच्या गटातला एक आणि वरच्या गटातला एक. तुमचा व्होकोडर माणसाच्या घशाचं मॉडेल करून बोलणं दाबतो, माणसाच्या घशातून दोन स्वच्छ सूर एका वेळी निघत नाहीत, त्यामुळे ते सूर मोडतात. एक्स्चेंज मोडका सूर बघून म्हणतं आकडा संपला, मग परत सुरू झाला, म्हणजे दोनदा दाबला. काही व्होकोडरमध्ये सूर ओळखून वेगळी फ्रेम पाठवायची सोय असते पण हवेत दोनचार बिट गेले की तीही डळमळते. खरा उपाय एकच, सूर हवेतून पाठवूच नका. हँडसेटने आकडे डेटा म्हणून पाठवायचे आणि गेटवेने पीआरआयच्या कॉल सेटअपमध्येच ते घालायचे, म्हणजे ऑटो अटेंडंटशी गाठच नको. आणि कॉल लागल्यावर आकडे लागले तर गेटवेने स्वतः ई१च्या बाजूला ताजे सूर तयार करायचे. मोबाईलमध्ये पहिल्यापासून हेच आहे, तुम्ही बँकेच्या आयव्हीआरला १ दाबता तेव्हा फोन फक्त निरोप पाठवतो आणि सूर एक्स्चेंज काढतं. तुमच्या गेटवेत ओव्हरडायल किंवा डीटीएमएफ रिजनरेट असं काही असेल, ते शोधा.

तुलनेसाठी सांगतो. आयआयटी मद्रासने कोरडेक्ट काढलं, खेड्यातल्या फोनसाठी, तेही टाइम डिव्हिजनच, डेक्ट या कॉर्डलेस फोनच्या पद्धतीवर. १० मिलिसेकंदांची फ्रेम, २४ स्लॉट, जायला बारा यायला बारा. पण त्यात ३२ किलोबिटचं एडीपीसीएम होतं, ६४चं सरळ निम्मं, सॅम्पलला सॅम्पल, १० मिलिसेकंदांचे ८० सॅम्पल गुणिले ४ बिट म्हणजे एका स्लॉटचे ३२० बिट. घशाचं मॉडेल वगैरे काही नाही. म्हणून त्यावर डीटीएमएफ बिनदिक्कत चालायचं आणि ई१ला जोडायलाही सोपं. तुमच्या २१६ बिटांत ती अपेक्षा धरू नका. आणि कोणी साहेब म्हणाला की याच्यावरून फॅक्स पाठवू तर हसून सोडून द्या.

आता परत येणारा शब्द. ज्या एक्स्टेन्शनना होतो ते साधे दोन तारांचे फोन आहेत का बघा, माझी खात्री आहे की तेच असतील. दोन तारांच्या फोनला चार तारांतून दोन तारांत जाताना हायब्रिड लागतो आणि तो कधीच पूर्ण जुळत नाही, आलेल्या आवाजातला थोडा परत फिरवतो. जुन्या लोकल कॉलमध्ये तो इतक्या लवकर परत यायचा की कळायचा नाही. इथे काय होतं, जेट्टीवाल्याने पीटीटी सोडला की रेडिओकडून कॉलचा शेवट गेटवेला कळतो पण त्याचं शेवटचं बोलणं अजून बफरमधून वाजतंय. गेटवे म्हणतो रेडिओची पाळी संपली, आता फोनवाल्याचं ऐकू, आणि नेमका त्याच वेळी हायब्रिडवरून तो शेवटचा शब्द परत येतो. व्हॉक्सला, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट चालू करणाऱ्या सोयीला, वाटतं फोनवाला बोलला, तो ट्रान्समिट करतो. झालं. दोन गोष्टी करा, ई१च्या बाजूचा इको कॅन्सलर चालू करा, आणि व्हॉक्सला पीटीटी सुटल्यावर थोडी उसंत द्या, बफर रिकामा होईल एवढी. जास्त देऊ नका नाहीतर ऑफिसवाल्याचं 'हॅलो' कापलं जाईल.

कुडाळकडचो

ह्या सगळा ठीक आसा, पण माका सांग, गेटवे ठेवलंस खय? सड्यार टॉवरच्या खोलीत की हापिसात? सड्यार असलो आणि थयसून ई१ची तांब्याची केबल खाली हापिसापर्यंत ओढलेली असली तर पावसाच्या आधी काढून टाक रे बाबा. सड्यार सगळो जांभो, एप्रिल-मे मधे अर्थिंगचो रेझिस्टन्स खयच्या खय जाता. वळवाची वीज टॉवरार पडली की वरचो अर्थ एका व्होल्टेजाक आणि हापिसातलो दुसऱ्याक, आणि मधलो रस्तो म्हणजे तुझी केबल. आमच्या एका साईटवर ईपीएबीएक्सचा कार्ड काळा होऊन बाहेर इला.

जेट्टीवाला

गेटवे वरच आहे. केबल नाही, सप्लायरने आयपी लिंकवरूनच ई१ खाली आणलाय, दोन्ही टोकांना छोटे डबे आहेत, ई१ ओव्हर आयपी.

पीसीएम_तीस

हे आधी सांगायचं ना! तो डबा पॅकेट किती वेगाने येतात त्यावरून क्लॉकचा अंदाज बांधतो. रेडिओ लिंकवर पाऊस सुरू झाला की पॅकेट मागेपुढे होणार आणि तो अंदाज हलायला लागणार, आज स्लिप थांबलाय तो जूनमध्ये परत सुरू झाला तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. शिवाय वेडेपणा बघ, रेडिओचं बोलणं एका कॉलला ३.६ किलोबिट, ते वर सोडवून पूर्ण २ मेगाबिटचा ई१ बनवायचा आणि तो कायम हवेतून खाली आणायचा, त्यातले बहुतेक चॅनेल रिकामे.

गेटवे उचलून ऑफिसात ईपीएबीएक्सच्या रॅकमध्ये ठेव. दोन्ही रिपीटर आयपीवर आहेतच, त्यांची पॅकेट खाली येऊ देत, ई१ची केबल दोन हात लांबीची राहील. क्लॉक चोख, विजेचा धोका कमी, लिंकवरचा भारही कमी. ते दोन डबे विकून टाक.

आयपीवाला_रत्नागिरी

हे मात्र शंभर टक्के. आणि उचलतोसच तर आवाजाचं कोडिंग ए-लॉ (आपल्याकडची पद्धत) आहे ना तेही बघून घे, अमेरिकन गेटवे बरेचदा म्यू-लॉवर येतात, आवाज फाटल्यासारखा येतो आणि लोक उगाच लेव्हल कमीजास्त करत बसतात. रिकाम्या चॅनेलवर आयडल कोड डी५ हवा.

खाडीपलीकडे

थोडं विषयाबाहेर, पण टाइमस्लॉटचं चाललंय म्हणून विचारतो. आमच्याकडे हर्णैचे मच्छीमार सांगायचे की टूजीच्या काळात बोट खूप बाहेर गेली की मोबाईलला दांड्या दिसायच्या पण कॉल लागायचाच नाही. ते हेच का?

पीसीएम_तीस

हेच असू शकतं. फोन लांब असला की त्याचा बर्स्ट टॉवरला उशिरा पोचतो आणि शेजारच्या स्लॉटवर चढतो, म्हणून टॉवर त्याला सांगतो तू इतका आधी पाठव. जीएसएममध्ये हे सांगायला ० ते ६३ एवढेच आकडे, एक आकडा साधारण ५५० मीटर, म्हणजे ३५ किलोमीटरला संपलं. समुद्रात आडवं काही नसल्याने सिग्नल त्याच्याही पुढे जातो, दांड्या दिसतात, पण टॉवर घेत नाही. दोन स्लॉट जोडून लांबचा सेल करता यायचा, पण मग कॉलची संख्या निम्म्यावर.

जुना_एक्स्चेंजवाला

जेट्टीवाले, अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिली, हँडसेटवरून बाहेरचा नंबर लागतो का? खाजगी वायरलेसचा परवाना आणि बाहेरची टेलिफोन लाईन या वेगळ्या बाबी आहेत. परवान्याच्या अटी वाचल्याशिवाय ईपीएबीएक्समध्ये रेडिओच्या ट्रंकला बाहेरचा ॲक्सेस उघडा ठेवू नका, सध्या आतल्या एक्स्टेन्शनपुरतंच ठेवा. दुसरी, फोनच्या कॉलने रिपीटरचे दोन्ही स्लॉट अडले तर टगवाला काय करणार?

जेट्टीवाला

काका बाहेरचं बंदच आहे, ते मी पहिल्या दिवशीच बंद केलं होतं. स्लॉटचं मात्र बघितलं नव्हतं, आत्ता दोन्ही रिपीटरवर दोन्ही स्लॉट फोनला मोकळे आहेत. साधे फोन आणि शब्द परत येणं, तुमचं बरोबर निघालं, तीन एक्स्टेन्शन आहेत आणि तिन्ही दोन तारांचेच. इको कॅन्सलर बंद होता, चालू केला, व्हॉक्सची उसंत उद्या करतो कारण त्यासाठी जेट्टीवर एक माणूस लागेल. डायलिंगसाठी गेटवेच्या मेनूमध्ये ओव्हरडायल सापडलंय पण हँडसेटच्या प्रोग्रामिंगमध्येही काहीतरी जुळवावं लागेल असं दिसतंय.

पीसीएम_तीस

हँडसेटच्या कोडप्लगमध्ये (प्रोग्रामिंगची फाइल) फोन सिस्टीम म्हणून यादी असते, तिथे ॲक्सेस कोड आणि लाइव्ह डायलऐवजी बफर्ड डायल असं काही असेल ते निवड, म्हणजे पूर्ण नंबर एकदम डेटा म्हणून जाईल. एकच हँडसेट आधी बदलून बघ, सगळे घेऊन बसू नकोस.

स्लॉटचं म्हणशील तर फोनला फक्त स्लॉट दोन दे, दोन्ही रिपीटरवर. स्लॉट एक कामाच्या ग्रुपला आणि इमर्जन्सीला, तिथे गेटवेला पाय ठेवू देऊ नकोस. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त दोन फोन कॉल, ईपीएबीएक्समध्येही त्या ट्रंक ग्रुपला दोनच चॅनेल दे, तिसऱ्याला बिझी टोन मिळू दे. आणि एका कॉलला वेळेची मर्यादा घाल, ऑफिसवाले रिसिव्हर बाजूला ठेवून चहाला जातात.

कुडाळकडचो

आणि गेटवे खाली आणलंस की वरच्या खोलीतल्या आयपी केबलीकपण सर्ज प्रोटेक्टर लाव हां, नायतर ई१ वाचात आणि स्विच जायत.

जेट्टीवाला

लावतो भाऊ. रविवारी जेट्टीवर बोट नाही, त्या दिवशी गेटवे खाली आणतोय. ईपीएबीएक्सच्या कार्डाला बीएनसी आहेत आणि गेटवेला आरजे४५, आत्तापर्यंत त्या डब्याने जमवलं होतं, आता मधे बलून (दोन्ही केबल जुळवणारा अडॅप्टर) लागेल ना ७५ ते १२० ओहमचा?

पीसीएम_तीस

हो, एकच लागेल, पण जोडीचा घे, जायचा आणि यायचा. गेटवेच्या बाजूला १-२ वर रिसीव्ह आणि ४-५ वर ट्रान्समिट असतं साधारण, तरी मॅन्युअल बघ. लिंक लाल राहिली तर आधी बीएनसीच्या दोन केबल अदलाबदल करून बघ, मग बाकीचं.